लोखंडाच्या काट्यावर भामाबाई

“लोखांड तोलायच्या काट्यावं उभी करतंस मला? आता गंज चढायचाच बाकी हाय,” भामाबाई लेकाकडे बघत अगदी माझ्या दांडीशी पुटपुटली.

मित्रांनो, मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक जुना वजनकाटा आहे. लोखंडी फळी, पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन, एवढाच माझा संसार. दरवर्षी सरकारी शिक्का बसला की मी नव्या नवरीसारखा मिरवायचो. “खरा काटा” म्हणून लोक मला शोधत यायचे. पुढे लाल आकडे चमकवणारे काटे आले आणि माझ्या फळीवर चहाचे ग्लास विसावू लागले.

२०१२ साली एका दुपारी कल्पेशने ते ग्लास उचलले. हा बाजारातला टेम्पोवाला. त्याची आई भामाबाई पनवेलच्या मासळी बाजारात म्हावरं विकायची. तिचे गुडघे पार झिजले, तेव्हा पाटी सुनेच्या डोक्यावर गेली आणि भामाबाई घरात बसली. गुडघे बदलायला डॉक्टर तयार होते, पण दवाखान्याचा काटा एकशेवीसलाच संपला! डॉक्टरांनी कल्पेशला बाजूला घेतलं. वजन एकशेपंचवीसच्या आत असेल तर गुडघ्यांचं बघू. वर असेल तर आधी पोट लहान करायचं ऑपरेशन, वजन उतरल्यावर गुडघे. नाहीतर जिवाला धोका. नेमकं वजन करून आणा.

हे सगळं कल्पेशने माझ्या मालकाला, दीनानाथला, माझ्यासमोरच सांगितलं. आईला मात्र दोन महिने एकच सांगत होता, “आये, तारीख मिळत नाय.”

भामाबाई फळीवर चढली. हमाल काम सोडून बघू लागले.

“दीनाशेठ, हा माल कुठल्या गाडीत भरू?” सुभाष हमाल म्हणाला. सगळे खिदळले. भामाबाईने पदर ओढून घेतला आणि ती समोरच्या सळयांकडे बघत राहिली. कल्पेश चपलेने माती उकरत होता.

जन्मात पहिल्यांदा मला माझ्या खरेपणाची लाज वाटली. दांडी अडकावी, असं फार वाटलं. पण ती तरंगली आणि एकशेअडतीसवर थांबली.

दीनानाथ मायाळू माणूस. आमच्या बाजारात भंगार तोललं की माती-गंजाची घट धरून तेवढं वजन कापतात. तीच रीत त्याने इथे लावली. “लुगडं, बांगड्या, आत्ताच जेवलेलं... चौदा किलो घट धरू, मावशी. एकशेचोवीस लिहितो.”

कल्पेशने हळूच मान हलवली. माझ्या नावाने खोटी चिठ्ठी तयार झाली. मघाची लाज बरी म्हणायची, अशी ही दुसरी लाज होती. मित्रांनो, कुणाला तोलताना हसू नका. आणि कीव येऊन कमीही लिहू नका. त्या कमी लिहिलेल्या आकड्याच्या भरवशावर उद्या कुणाच्या तरी अंगाला सुरी लागणार असते.

मला हे ओरडून सांगता आलं नाही. पण भामाबाई अजून फळीवरून उतरलीच नव्हती.

“दीनानाथदादा, खोडा ते. जल्मभर तागडी धरली, दांडी मलाबी वाचता येते.” मग ती लेकाकडे वळली. “डॉक्टर तुज्याशी बोलले तवा पडद्याच्या पल्याड मीच व्हते ना रं! दोन महिने तुमची तोंडं बघतंय, कोन बोलतंय का. कोनी नाय. मंग मीच बोलते. मी जाड हाय, कल्पेश. लय जाड हाय. पयलं पोटाचं आपरेशन करा.”