इनिशकॉरच्या नर्सबाईंचा कोट

दवाखान्याच्या दाराआड, खुंटीवर, जो जाडजूड निळा कोट लटकलेला दिसतो ना मित्रांनो, तो मी. मी जुना आहे. माझी एक बाही उसवून पुन्हा शिवलेली आहे, कॉलर उलटवून लावलेली आहे आणि ओल्या हवेत माझ्या अंगाला अजून आयोडीनचा वास येतो. पण मला हसण्याआधी एवढे ऐका, की मी डब्लिनला, आयर्लंडच्या संसदेत, जाऊन आलो आहे. आमच्या इनिशकॉर बेटावर असे सांगू शकणारा दुसरा कोट नाही. माणसेसुद्धा फारशी नाहीत.

माझा जन्म समोरच्या किनाऱ्यावर, एका शिंप्याच्या दुकानात झाला. डेलिया गॉहन नावाची तरुण नर्स बेटावर नेमणूक होऊन निघाली होती. कोट दिसायला कसाही चालेल, खिसे मात्र खोल हवेत, असे तिने बजावले. बाईच्या कोटाला एवढे खिसे शोभत नाहीत म्हणून शिंपी कुरकुरला, पण त्याने ते शिवले. पुढे त्या खिशांत बँडेजे राहिली, औषधाच्या बाटल्या राहिल्या, एकदा तर थंडीने गारठलेले कोंबडीचे पिल्लूही राहिले. उजव्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या असत. इंजेक्शन घेणाऱ्याला एक गोळी मिळे, मग तो पाच वर्षांचा असो की नव्वद.

त्या काळी माझा थाट काय सांगू! वादळात आम्ही दोघे बांधाबांधाने निघालो की खिडक्यांतून लोक म्हणत, आला गं निळा कोट, आता काळजी नाही. कितीतरी बाळांना जगात आल्यावर पहिल्यांदा माझ्याच अस्तरात गुंडाळले. त्या आठवणीने आजही मला ऊब वाटते.

मग डेलियाबाई थकल्या आणि निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी आलेच नाही. हवामान ठीक असेल तेव्हा किनाऱ्यावरून नर्स येऊन जाईल, असे सरकारने कळवले. आमच्याकडचे हवामान कधी ठीक असते ते समुद्रालाच ठाऊक. मी डेलियाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर धूळ खात पडलो.

आमच्या मतदारसंघातून उना लाव्हेल डेप्युटी, म्हणजे खासदार, म्हणून निवडून गेल्या होत्या. त्या विरोधी बाकावर बसत. बेटाला नर्स कधी देणार, असे त्यांनी आरोग्यमंत्र्यांना लेखी विचारले, पुन्हा विचारले. बाब विचाराधीन आहे, असे उत्तर येई. सरकारने या प्रश्नाचे भिजत घोंगडे केले होते, आणि भिजत पडणे म्हणजे काय असते ते मला विचारा.

मंत्र्यांना समोरासमोर धरायचे तर सोडतीत नाव निघावे लागते. सगळेच सदस्य प्रश्न टाकतात आणि ज्यांची चिठ्ठी वर येते त्यांनाच सभागृहात तोंडी उत्तर मिळते. नाव पुकारल्यावर सदस्य जागेवर नसला तर तो प्रश्न तिथेच बाद होतो.

एका शरद ऋतूत उनाबाईंचे नाव निघाले. त्याच आठवड्यात आमचा फेस्टी टूहिल गेला. वाऱ्यावादळाच्या संध्याकाळी त्याच्या छातीत कळ आली. नर्स नव्हती, निवृत्त डेलियाबाईंकडे आता औषधे नव्हती, आणि हेलिकॉप्टर पोचेपर्यंत सगळे संपले होते. आता आमच्या भागात लोकप्रतिनिधीला बाकी सारे माफ असते, पण मयताला न येणे माफ नसते. उनाबाई आल्या, घरच्यांचे हात हातात घेतले, चहा प्यायल्या, आणि संध्याकाळच्या होडीने परतण्यासाठी धक्क्यावर गेल्या. होडीवाला मॅनस समुद्राकडे बघत उभा होता. आज होडी निघणार नाही म्हणाला.

"अरे मॅनस, उद्या दुपारी माझा प्रश्न आहे मंत्र्यांना."

"मग समुद्राला सांग, उना," मॅनस म्हणाला. "मंत्र्यापेक्षा तो बरा. नाही तर नाही, तोंडावर सांगतो."

दुसऱ्या दिवशीही लाटा खाली बसल्या नाहीत. उनाबाई डेलियाबाईंकडे मुक्कामाला होत्या. तिथे स्वयंपाकघरात टीव्हीवर सभागृहाचे कामकाज चालू होते, म्हणून खिळ्यावरून मीही ते पाहिले. अध्यक्षांनी उनाबाईंचे नाव पुकारले. रिकामी खुर्ची दिसली. मयताला गेल्या असतील, असे सत्ताधारी बाकावरून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. तो माणूस खोटे बोलत नव्हता, हेच जास्त लागले. अध्यक्ष पुढच्या प्रश्नाकडे वळले.  उनाबाईंचा चहा कपात तसाच निवत राहिला.

समुद्र शांत झाल्यावर डेलियाबाई त्यांना सोडायला धक्क्यावर आल्या. त्यांनी मला सोबत आणले होते.

"घाल. थंडी आहे," त्या म्हणाल्या.

"पुढच्या खेपेला परत आणून देते."

"मला नको. ज्याच्या अंगावर हा असायला हवा, त्याला घेऊन ये."

त्यानंतरचे महिने मी उनाबाईंच्या गाडीच्या मागच्या सीटवर काढले. पबच्या मागच्या खोलीत त्या शनिवारी लोकांना भेटत, तिथे खुर्चीच्या पाठीवर टांगलेला मी असंख्य गाऱ्हाणी ऐकली. कोणाचे पेन्शन अडकलेले असे, कोणाच्या गल्लीतला दिवा बंद असे. पुढे हिवाळ्यात सोडतीत त्यांचे नाव पुन्हा निघाले. या वेळी त्या आदल्या दिवशीच डब्लिनला जाऊन राहिल्या.

सभागृहाच्या दारात शिपायाने मला घ्यायला अदबीने हात पुढे केला. उनाबाई म्हणाल्या, राहू दे, मला थंडी वाजते आहे. आत चांगले उबदार होते. तिथे सगळे कसे इस्त्रीचे, आणि मी असा ठिगळांचा. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आरोग्यमंत्री फर्गल डेव्हरू उठले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांनी फाइल उघडून उत्तर वाचले. दुर्गम भागातील गरजांचा आढावा घेतला जात आहे, भरतीत अडचणी आहेत, संबंधित यंत्रणा सदस्यांना थेट कळवील. तेच ते. उपप्रश्नासाठी उनाबाई उठल्या, तेवढ्यात मंत्र्यांच्या मागून आवाज आला, "डेप्युटी निघाल्या वाटतं. कोट घालूनच आल्यात." पुन्हा हशा.

अध्यक्ष हसले नाहीत. "डेप्युटी लाव्हेल, सभागृहात वस्तू दाखवायला मनाई आहे, हे आपल्याला माहीत आहे."

"मी काही दाखवत नाही, अध्यक्ष महोदय. मी कोट घातलाय."

अध्यक्षांनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळले. फलक असता, फोटो असता, तर त्यांनी बाहेर काढला असता. पण अंगातल्या कोटाबद्दल नियमात काही नव्हते. "कोट हा पोशाखच आहे. बोला, आपली वेळ चालू आहे," ते म्हणाले.

उनाबाईंचा हात माझ्या उजव्या खिशात होता. तळाशी कापडाला चिकटलेली एक लिमलेटची गोळी त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी ती मुठीत धरली.

"मंत्री महोदय, हा कोट इनिशकॉरच्या नर्स डेलिया गॉहन यांचा. फेस्टी टूहिलच्या छातीत कळ आली तेव्हा हा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर खिळ्याला टांगलेला होता. कोट होता, आत कोणी नव्हतं. मला आढावा नको. याच्या आत माणूस कधी येणार, तेवढं सांगा."

मंत्र्यांनी फाइलचे पान उलटले, मग आणखी एक.  शेवटी त्यांनी फाइल मिटली.

"याचं उत्तर या कागदांत नाही," ते म्हणाले. "मी स्वतः बेटावर येऊन बघतो."

"कधी?"

"याच महिन्यात."

घंटा वाजली आणि दातांच्या दवाखान्यांचा प्रश्न सुरू झाला.

मंत्री खरेच आले. होडीत त्यांचे इतके हाल झाले, की मॅनसने त्यांना विचारले, साहेब, आढावा इथूनच घेता का? मंत्र्यांना हसायचीही ताकद नव्हती. पण वसंतात जागेची जाहिरात निघाली, आणि डब्लिनच्या इस्पितळातून जोमोन नावाचा नर्स आला. मूळचा तो केरळचा. उनाबाईंनी स्वतः मला दवाखान्याच्या या खुंटीवर आणून अडकवले.

मला वाटले, माझे चांगले दिवस परत आले. पण जोमोनला खात्याने लाल जाकीट दिले होते. हलके, चकचकीत, पाणी न शिरणारे. मी दाराआडच राहिलो. मला वाईट वाटले हे लपवत नाही. तरी दार उघडून तो रात्री-अपरात्री बाहेर पडे, तेव्हा मनातून मी त्याच्याबरोबर जात असे.

पुढच्या निवडणुकीत उनाबाई पडल्या. मूठभर मतांच्या बेटासाठी बाईंनी किनाऱ्यावरच्या मोठ्या गावाकडे दुर्लक्ष केले, असे लोक म्हणाले. ते अगदीच खोटे नव्हते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात डेलियाबाई गेल्या. अंत्यविधीला उनाबाई आल्या. आता त्यांना कोणाचे मत नको होते, तरी पहिल्या होडीने आल्या. भिजून दवाखान्यात शिरल्या, तेव्हा जोमोन लाल जाकीट हातात घेऊन अवघडून उभा होता. त्याला शवपेटीला खांदा द्यायला बोलावले होते आणि मयताला असा भडक रंग कसा घालावा, हा त्याला पेच पडला होता. उनाबाईंना कुडकुडताना पाहून त्याने मला खुंटीवरून काढले.

"घाला. थंडी आहे," तो म्हणाला.

उनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "हा कोणाचा, माहीत आहे का तुम्हाला?"

"इथल्या नर्सचा, असं सगळे सांगतात."

"मग तुम्ही घाला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच माझी बटणे लावली.

अशा रीतीने मित्रांनो, डेलियाबाईंच्या शेवटच्या वाटेवर त्यांची पेटी माझ्याच खांद्यावर टेकली होती, आणि माझ्या आत माणूस होता. उनाबाई मागून चालत होत्या, ओल्या, बिनकोटाच्या.

माझे मागणे थोडे आहे. रिकामा कोट टांगलेला दिसला, तर त्याच्या आत कोण असायला हवे होते ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. आणि दुसऱ्यासाठी विचारणारे कोणी पावसात उभे असेल, तर त्याच्याही खांद्यावर काहीतरी घाला. त्या दिवशी ते करायचे आमच्याकडून राहून गेले.