बिल्ला नंबर सत्तावीस

मी एक जुना पितळी बिल्ला आहे, मित्रांनो. आकाराने लिंबाच्या चकतीएवढा, पण माझा दिमाख विचारू नका! लातूरच्या एका डाळमिलचे मालक व्यंकटराव प्रत्येक कामगाराला बिल्ला करून द्यायचे. कारागिराने माझ्यावर ठोकून कोरले : नंबर सत्तावीस, आणि कामाला लागल्याचे साल २००४. मग मी गुणाबाईंच्या पदरावर जाऊन बसलो.

गुणाबाई शिरूर अनंतपाळच्या. डाळीतला खडा त्यांच्या नजरेतून सुटेल तर शपथ! एकवीस वर्षे आम्ही दोघे तुरीच्या धुळीत माखलो. दर खंडेनवमीला त्या मला चिंचेने घासायच्या आणि यंत्राशेजारी ठेवून हळदकुंकू वाहायच्या.

यंदा व्यंकटरावांनी मिल संगमेशअप्पांना विकली. त्या दिवशी गुणाबाईंनी मला काढून जुन्या मालकांसमोर ठेवले. कुणाची वस्तू रिकामी परत करू नये, म्हणून सोबत मूठभर डाळही ठेवली.

"तुमची वस्तू तुमाला, मालक."

मी टेबलाच्या खणात गेलो. फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव मिलचा ताबा द्यायला आले होते. अप्पांनी बायांपुढे छापील अर्ज ठेवले. गुणाबाईंच्या जोडीला बसणाऱ्या मंजुषाने त्यातला एक वाचला : 'मला आजपासून नव्याने कामावर घ्यावे.'

"मावशी, सही करू नका. जुनी नोकरी पुसली जाईल, ग्रॅच्युइटीची वर्षंसुद्धा आजपासून मोजतील."

"आजपासून? मंग इतके साल मी इथं हवा खायला येत होते व्हय?" गुणाबाई थेट व्यंकटरावांकडे वळल्या. "मालक, माझा बिल्ला द्या. काल चुकले मी. मिल तुमी इकली, माझे साल न्हाई इकले."

व्यंकटराव ओशाळले. त्यांनी मला खणातून काढले. "अप्पा, बाईचं खरं हाय. मिलसोबत यांची जुनी नोकरी, जुन्या अटी तुमच्याकडं येतात. ते मान्य नसंल तर कायद्यानं यांची भरपाई मला द्यावी लागंल."

अप्पांनी मला उलटसुलट करून पाहिले. मग सगळे अर्ज गोळा केले आणि कागदावर लिहून दिले : 'सेवा सलग, अटी त्याच.' गुणाबाईंच्या नावापुढे लिहिले : '२००४ पासून.'

आता मिलमध्ये फोटोची कार्डे आली आहेत. तरी गुणाबाई मला रोज पदराला लावतातच. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा असा बिल्ला किंवा नेमणुकीचा कागद असेल. मालक बदलला म्हणून तो परत देऊन टाकू नका. चिंच नाही लावली तरी चालेल, पण त्यावरचे साल कुणाला पुसू देऊ नका.