पऱ्हाटी वाया जाते

सन्माननीय परीक्षक, गुरुजन आणि मित्रहो, मी पिंकी देवराव तायडे, इयत्ता नववी. जैवइंधन हे वरदानच आहे, या बाजूने बोलणार आहे.

(बाजू चिठ्ठीतून निघाली. शेखर सर म्हणाले, "चांगली आली. तेल्हाऱ्याच्या स्पर्धेत टाळ्या घेशील.")

मुद्दा पहिला. कोळसा एक दिवस संपेल. शेत दरवर्षी पिकेल.

(आम्हाला शेत नाही. कापूस वेचून झाला की वामनराव काकाजीच्या वावरात नुसती झाडं उभी राहतात. ती पऱ्हाटी आई उपटते. जो उपटील, लाकूड त्याचं. मजुरी नाही, विचारणं नाही. आजीच्या आधीपासून असंच. त्यावर आमची चूल दिवाळीपर्यंत जळते. सिलिंडर आहे. दोन वर्षं रिकामं. त्यावर पिठाचा डबा ठेवतो.)

मुद्दा दुसरा. याच पऱ्हाटीचा भुगा दाबून कांड्या बनवतात, त्यावर कारखान्याची भट्टी पेटते. धूर कमी. हवा स्वच्छ.

(यंदा आईनं सहा दिवस उपटली. झाडं उपटायच्या लोखंडी चिमट्यानं तळहात सोलले. वावराच्या कडेला, धुऱ्यावर गंजी रचली. सातव्या दिवशी आम्ही दोर घेऊन गेलो, तर गंजीच्या जागी भुगा. कांड्यांच्या कंपनीचं यंत्र येऊन गेलं होतं.

"काकाजी, माही पऱ्हाटी?" आईनं विचारलं.

"तुही कशी व शालू? वावर माहं हाय."

"उपटली कोनं?"

"मंग मजुरी घेऊन जाय ना. मी कुठी नाई म्हनतो?"

"मजुरी चुलीत टाकू काय?"

आईनं मजुरी घेतली नाही. तिला वाटलं, नाही घेतली तर पऱ्हाटी आपलीच राहील.)

मुद्दा तिसरा.

(इथे थांबले. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. घरी म्हणून दाखवलं तेव्हा आई परातीतून वर न बघता म्हणाली होती, "वाया कुठी जाते व? वाया गेली अस्ती तं तू कच्चं पीठ खाल्लं अस्तं." वाक्य गाळलं तर मुद्दा पडतो. मुद्दा पडला तर गुणही जातात. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं.)

आजवर ही पऱ्हाटी वाया जात होती.

(टाळ्या.)

पहिला नंबर. स्पर्धा भरवणाऱ्या त्याच कंपनीकडून प्रमाणपत्र, आणि नमुना म्हणून पाच किलो कांड्यांची पिशवी. एसटीत ती मांडीवर घेऊन आले.

आईनं एक कांडी चुलीत सारली. काडीपेटीतल्या आठ काड्या गेल्या, पेटेना. खाली बारीक लाकूड लागतं. आई उठली. न्हाणीच्या आडोशाला उभ्या केलेल्या कुडातल्या मूठभर पऱ्हाट्या उपसून आणल्या. मग पेटली. धूर खरंच कमी होता.

भाकरी झाल्यावर तिनं पिशवीत हात घालून किती दिवस पुरतील याचा अदमास घेतला. मग कुडाला पडलेल्या भोकाकडे पाहिलं. तिथून रस्ता दिसत होता.

"अजून कुठी हाय काय व अशी स्पर्धा?"

"अमरावतीले. पंधरा दिवसानं."

"तिथंबी हेच बोलाचं?"

"हो."

"मंग आवाज जरा मोठा ठेवजो."