घासाला एक फेरी

झोपाळ्यावर बसण्याआधी जुईने दारातल्या चपला मोजल्या. सतरा जोड. म्हणजे सतरा बायका, आणि बाईमागे एक घास धरला तरी सतरा घास. त्यात लीलावतीकाकू काही एका घासावर भागवणाऱ्या नव्हेत.

डोहाळजेवणात भरवणारीचा हात परतवायचा नसतो. आणि आलेल्या बायका काय दुधीची भाजी भरवणार होत्या? समोर बासुंदी, श्रीखंड, अनारसे आणि डिंकाचे लाडू मांडून ठेवले होते.

एरवी जुईने वाटीसुद्धा पुसून घेतली असती. पण मागच्या तपासणीत तिची साखर वाढलेली निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस दिले होते. जेवण बेताचं, दर जेवणानंतर चालायचं आणि दोन तासांनी बोट टोचून मोजायचं. आकडा एकशेवीसच्या आत हवा. "दोनदा चढला तर समजून घेईन. तिसऱ्यांदा चढला तर इन्सुलिन. त्यात घाबरण्यासारखं काही नाही," असं त्यांनी सांगितलं होतं.

इन्सुलिनला जुई घाबरतच नव्हती. ती घाबरत होती सासूबाईंना दिलेल्या शब्दाला. इंदुमतीबाईंच्या मते पोटुशी बाई म्हणजे काठोकाठ भरलेली बरणी. फळीवर ठेवायची आणि हात लावायचा नाही. आणि सून नेमकी शाळेत खो-खो शिकवणारी! शेवटी दोघींत ठरलं. आकडा तिसऱ्यांदा चढला, तर डॉक्टर काही म्हणोत, बाळंतपणापर्यंत जुईने घराचा उंबरा ओलांडायचा नाही. नाही चढला, तर सासूबाईंनी रोज तिच्याबरोबर चालायला यायचं. इंदुमतीबाई झटकन हो म्हणाल्या. आपण हरत नाही अशी खात्री असली की माणूस फार उदार होतो.

सासरे विश्वनाथराव कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. त्यांनी त्याच दिवशी वही घातली. आकडा आत असला तर निळी शाई, वर गेला तर लाल. आज पंधरावा दिवस होता, शेवटचं एकच मोजणं उरलं होतं आणि वहीत लाल नोंदी दोन होत्या.

"आ कर गं बाई," लीलावतीकाकूंनी बासुंदीची वाटीच उचलली. त्या मूळच्या नागपूरच्या; चमच्याने भरवणं त्यांना कंजूषपणाचं वाटे. "आणि डोहाळे कसले लागलेत ते सांग. लाजू नको, आम्ही पुरवतो."

जुईला आयती वाट सापडली.

"सांगू? पुरवाल?"

"म्हणजे काय! डोहाळा राहिला तर बाळाची लाळ गळते."

"मग ऐका काकू. मला चालायचे डोहाळे लागलेत. जी मला घास भरवेल, तिने माझ्याबरोबर समोरच्या बगिच्याला एक फेरी मारायची."

इंदूरची शिल्पा तेवढी खिदळली, "काकू, अब तो फँस गए!"

सतरा बायकांसमोर दिलेला शब्द. काकूंनी वाटी खाली ठेवली, चमचा घेतला, अर्धा भरला आणि पैठणीचा ओचा सावरून उठल्या. जुईने हिरव्या साडीखाली पांढरे बूट चढवले. अवधपुरीतल्या त्या गल्लीने फुलांचे दागिने घातलेली बाई बुटांवर फेरी मारताना पहिल्यांदाच पाहिली असेल. पलीकडच्या भाभी गच्चीवरून ओरडल्या, "बारात किसकी है?"

जुईची चाल बेताची होती. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, दम लागता कामा नये, एवढंच ती बघे. गप्पा मारणं जमत नव्हतं ते काकूंना. अर्ध्या फेरीत त्यांनी कोलार रोडच्या भाचीचं लग्न सांगायला घेतलं आणि मुलाकडच्यांचं नाव येईपर्यंत त्या बाकावर बसल्या.

ही बातमी आत पोहोचल्यावर घासांचा भाव पडला. एकीला गुडघा आठवला. एकीची साडी नवी निघाली. "मी नुसतं ओवाळते हो, बघूनच पोट भरलं," असं तिसरी म्हणाली. अनारशांच्या ताटाभोवती कोणी फिरकेना. सतरापैकी सहा जणींनी भरवलं, तेही चिमणीच्या चोचीएवढं. सहाव्या फेरीला शिल्पा आणि आणखी तिघी घास न भरवताच बरोबर निघाल्या. त्यांना गंमत वाटायला लागली होती.

शेवटी झाकलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. जे निघेल ते खायचं असतं. जुईने डावी वाटी उघडली. आत काकडीची चकती.

"हे काय?" म्हणून तिने उजवी उघडली. तिच्यातही काकडी.

वाट्या भरल्या होत्या इंदुमतीबाईंनी. त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "पेढे संपले."

"सतरा बायकांत, आई? अनारसे तर अख्खे पडलेत."

"संपले म्हटलं ना!"

जेवणानंतर दोन तासांनी विश्वनाथराव वही घेऊन बसले. दोन्ही पेनं उघडून समोर ठेवली होती. काकू आणि शिल्पा गेल्याच नव्हत्या. त्यांना निकाल हवा होता. जुईने बोट टोचलं. यंत्राने पाच सेकंद घेतले.

"एकशेचौदा!"

शिल्पाने टाळ्या वाजवल्या. "माझी अर्धी फेरी धरलीत ना?" म्हणून काकूंनी वहीत डोकावलं. विश्वनाथरावांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि निळ्या शाईने एकशेचौदा असं ठसठशीत लिहिलं. खाली रेघ ओढली, एकीच्या जागी दोन.

जुई सासूबाईंकडे नुसती बघत राहिली.

इंदुमतीबाईंनी वाट्या आवरल्या, ताटं एकात एक घातली, ओटा दोनदा पुसला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"माझ्या पायाला पाच नंबर लागतो. पांढरे नकोत, मळतात."