ठकीच्या वाटणीचं औषध

मला अर्धवट काम खपत नाही. म्हणून सकाळी वॉर्डात शिरताच ठकीचे बाबा पोट धरून संडासाकडे पळताना दिसले, तेव्हा माझं डोकंच सणकलं.

"काल पोट साफ व्हायचं औषध कोण प्यायलं?" ते परत आल्यावर मी विचारलं.

"अर्धं ठकी, अर्धं मी," ते ओशाळून म्हणाले. "ती तोंडच उघडेना, मॅडम. मग एक घोट तुझा, एक घोट माझा, असं ठरलं."

"बाबाचे घोट मोठे होते," पलंगावरून सात वर्षांच्या ठकीने चुगली केली.

ठकीच्या लहान आतड्यात कुठेतरी रक्त झिरपत होतं. मागच्या खेपेला तिने आतड्याचे आतून फोटो काढणारी कॅमेऱ्याची गोळी गिळली, पण फोटोंत मळ आणि फेसाशिवाय काही दिसलं नाही. या खेपेलाही तसंच झालं तर सर्जन पोट उघडूनच शोधणार होते. म्हणून या वेळी मी औषधांची तयारी केली होती: आदल्या दिवशी पोट साफ करणारं, गोळीआधी फेस मोडणारं. आणि या माणसाने मायेपोटी त्यावर पाणी फिरवलं होतं.

"अहो, लेकीच्या ताटातलं उरलंसुरलं संपवणं वेगळं आणि तिचं औषध संपवणं वेगळं!" मी त्यांना चांगलंच झापलं.

मग गोळी दुपारवर ढकलली, राहिलेलं औषध मागवलं आणि स्वतः ठकीसमोर बसले. "मी एक घोटही घेणार नाहीये. सगळं तुझं."

तिने बाबांकडे पाहिलं. ते चटकन दोन पावलं मागे सरले. ठकी खुदकन हसली आणि नाक दाबून प्यायली. पोट नीट साफ झाल्याची खात्री करून मी फेसाचं औषध दिलं, मग गोळी. ती तिने एका दमात गिळली.

दुसऱ्या दिवशी दोघांना शेजारी बसवून मी फोटो लावले. मला धाकधूक नव्हती. आतडं धुतलेल्या फरशीसारखं लख्ख दिसत होतं, आणि एका वळणावर छोटी लाल गाठ, तिच्यातून रक्त ओघळत होतं.

"सापडला चोर! तोंडातून लांब दुर्बीण घालून गाठ काढू. पोट उघडायला नको."

बाबा ताडकन उठून बाहेर पळाले.

"पुन्हा लागली वाटतं," ठकी म्हणाली.

आम्ही दोघी दाराशी गेलो. ते भिंतीकडे तोंड करून हमसून रडत होते. ठकी त्यांच्या पायांना बिलगली.

"बाबा, अर्धं तू रड, अर्धं मी."

या वेळी मी मध्ये पडले नाही.