दोरीवर कोण होतं

टाकीत उतरलेल्या माणसानं हाकेला ‘आहे’ म्हणायचं असतं. एवढंसं काम. त्याला ना शिक्षण लागतं, ना अक्कल. पण धाकट्या दिराला गेले सहा महिने तेवढंही धड जमत नव्हतं.

“आहेस का?” वहिनीनं झाकणात तोंड घालून विचारलं.

खालून आधी खराट्याची खरखर आली, मग धाकट्याचा आवाज. कुणा राजानं पाप केलं आणि देवापुढं रडला, त्या स्तोत्रातलं काहीतरी तो म्हणत होता. माझा अपराध सारखा माझ्या डोळ्यांपुढं उभा आहे, असं. भिंतींवर आपटत ते शब्द वर येईपर्यंत त्यांना शेपट्या फुटत.

“मी तुझा अपराध नाही विचारला. जिवंत आहेस का, ते विचारलं.”

“आहे, वहिनी.”

“मग तेवढंच बोलत जा.”

तिनं दोरी मनगटाला पुन्हा आवळली आणि आकडे मोजायला लागली. घरचा धंदा पाण्याच्या टाक्या साफ करण्याचा, आणि त्याचे नियम तिला श्वासासारखे पाठ होते. आधी कंदील सोडायचा. तो विझला नाही, तरच माणूस उतरायचा. माणसाच्या कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक वरच्याच्या मनगटाला. वरच्यानं शंभर मोजून हाक मारायची आणि उत्तर आलं नाही, तर कसलाही विचार न करता ओढायचं. जुन्या टाकीच्या तळाशी कधी कधी हवा नासलेली असते. तिला वास नाही, रंग नाही, आणि ती खोकायचीही सवड देत नाही. वर बसून हाक मारण्याच्या या कामाला धंद्यातले लोक ‘दोरीवर बसणं’ म्हणत.

सव्वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा एका बंगल्यामागच्या टाकीत उतरला, आणि दोरीवर कुणीच नव्हतं.

सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं की दोरीवर धाकटा होता. वीस वर्षांचं पोरगं, आदल्या रात्री दोस्ताच्या लग्नात जागलेलं, भिंतीच्या सावलीत त्याचा डोळा लागला. आरडाओरड्यानं जाग आली, तेव्हा दोरी त्याच्या पायाशी पडली होती आणि वहिनी ऊर बडवत सांगत होती की मी ह्याच्या हातात दिली होती. त्याला आठवेना. आठवत नाही म्हणजे झोपेत घेतली असेल, असं त्याचं त्यानंच ठरवलं. मान खाली घातली, ती परत वर केली नाही. लग्न केलं नाही. वहिनी सांगेल त्या टाकीत उतरत राहिला. तिनं मुलं वाढवली, तोंडाच्या जोरावर धंदा वाढवला, आणि नवऱ्याचा जीव घालवणाऱ्या दिराला दोन वेळ गरम जेवायला वाढलं म्हणून चर्चमध्ये तिला पुढचा बाक मिळाला. पाळकसाहेबांनी एकदा प्रवचनात तिचं उदाहरण दिलं होतं. ती ताठ बसून ऐकत होती.

खरं तर त्या दिवशी दोरी तिच्या मनगटाला होती. बंगल्याची मालकीण मागच्या दारात येऊन म्हणाली होती की तुम्ही लोक आमच्या पायरीवर बसत जाऊ नका. हिनं दोरी सोडली, दारापर्यंत गेली आणि त्या बाईला असं काही सुनावलं की बाई रडत आत निघून गेली. पाव तास लागला. भांडण ती जिंकली होती.

घरात शास्त्र, म्हणजे बायबल, होतं, पण ते मुलांच्या जन्मतारखा लिहून ठेवण्यापुरतं. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी दर बुधवारी शास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि धाकटा वही घेऊन जायला लागला. आधी त्याची बिडी सुटली. मग त्याचं काय बिघडलं कोण जाणे, पाच वर्षांपूर्वी वरवर घासलेली एक टाकी त्यानं जाऊन फुकट घासून दिली. तो घरमालक इतका घाबरला, की आमच्या पाण्यात काय पडलं होतं, असं विचारायला घरी आला. सून म्हणाली, काका आतून धुतल्यासारखे दिसायला लागलेत. वहिनी म्हणाली, दिसू देत, पण हातपाय धुऊन जेवायला वेळेवर या म्हणावं.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचायचा. ती भाजी चिरत, ऐकत नसल्यासारखी ऐकायची. एकदा त्यानं वाचलं, की एका माणसानं आपलं पाप झाकून ठेवलं आणि गप्प राहिला, तर त्याची हाडं आतून झिजत गेली. तिचा हात थांबला. तिसरीपर्यंत शिकलेली बाई, पण दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना तिनं ते पान शोधून काढलं आणि अक्षराखाली बोट सरकवत अर्ध्या तासात चार ओळी वाचल्या. मग रोजच. झिजलेल्या हाडांच्या पुढं लिहिलं होतं, की त्या माणसानं शेवटी सांगून टाकलं. तिथवर आली की ती पुस्तक मिटायची.

पुस्तकाशेजारी त्याची वही असायची. गेल्या सोमवारी तिनं तीही उघडली. धाकट्यानं लिहिलं होतं : ‘बाकी सगळं धुतलं गेलं. दादाचं जात नाही. रोज देवाला सांगतो, रोज तसंच. मास्तर म्हणतात, कबूल केलं की मोकळं वाटतं. मला का नाही वाटत? रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन.’

का वाटत नाही, ते तिला कळत होतं. मळ नसलेली भिंत कितीही घासा, पाणी स्वच्छच निघतं. घासणाऱ्याचे हात तेवढे सोलतात.

त्या सोमवारपासून टाकीतून येणाऱ्या आवाजात काहीतरी बदललं होतं. धाकट्याचं उत्तर विरलं की त्याच्या मागून आणखी एक ‘आहे’ यायचं, जरा सावकाश, शेवटाला लांबवलेलं. घुमतंय, ती मनाशी म्हणायची. टाकी म्हटली की घुमणारच. पण तिचा नवरा असाच लांबवून बोलायचा, आणि आवाज काही फक्त भिंतींमुळे हेल काढायला शिकत नाही.

आज शुक्रवार. बंद पडलेल्या एका गिरणीची जमिनीखालची टाकी, खोलीएवढी मोठी, दोन टोकांना दोन झाकणं. ऊन डोक्यावर आलं होतं. शंभर झाले.

“आहेस का?”

उत्तर आलं नाही. खराटाही थांबला होता. दोरी मात्र ताठ होती. खाली वजन होतं, आणि ते किंचित हललं, उभ्या माणसानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा तसं. तिनं ओढायला दोन्ही हात घातले, तेवढ्यात खालून आलं, “आहे.”

सरळ, साधं उत्तर. तिला बरं वाटलं. “आता कसं माणसासारखं बोललास,” ती म्हणाली.

“कुणाशी बोलताय, वहिनी?”

धाकटा तिच्या मागं उभा होता. हातात धुतलेली बादली, पायाचा गाळ वाळून पांढरा झालेला. कमरेला दोरी नव्हती. शिडीत अडकली म्हणून सोडली आणि पलीकडच्या झाकणातून वर आलो, तो म्हणाला. बराच वेळ झाला. नळावर जाऊन पाणीसुद्धा पिऊन आलो.

तिनं मनगटाकडं पाहिलं. दोरी अजून ताठ होती. दोघंही बघत असताना ती हळूहळू सैल झाली आणि झाकणाच्या कडेवर लोळली. शिडीतून सुटली असेल, धाकटा म्हणाला. तिच्या हातावरचे केस उभे होते.

मग तो बादली ठेवून तिच्यासमोर बसला. रविवारचं आज तुमच्यापुढं बोलतो, म्हणाला. ज्याचं वाईट केलं त्याच्याकडं आधी जायचं आणि मग देवाकडं, असं शास्त्रात सांगितलंय, आणि मी नेमकं उलटं करत आलो. त्यानं हात जोडले. आपण झोपलो, आपल्यामुळं दादा गेला, तुमचं कुंकू गेलं, पोरांचा बाप गेला, हे त्यानं एकेक करून सांगितलं. पाठ केलेलं होतं, तरी दोनदा अडखळला. पन्नाशीला आलेला माणूस, कानामागं पांढरे केस. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. सव्वीस वर्षांत त्याचं बोलणं तिनं मध्ये तोडलं नाही, असं हे पहिल्यांदाच.

“झालं?” तिनं विचारलं.

“तुम्ही माफ केलं, तर झालं.”

“तुझ्या हातात मी दोरी दिलीच नव्हती.”

त्याचे जोडलेले हात सुटले.

तिनं सांगितलं. मालकीण, पायरी, पाव तास. स्वतःला सोडवून घेणारा एकही शब्द तिनं मध्ये घातला नाही. तोंड तेच होतं, पण आवाज कुणा दुसऱ्या बाईचा असावा, तसा तिलाच ऐकू येत होता.

धाकट्यानं विचारलं, “मग ती माझ्या पायाशी कशी आली?”

“मी टाकली. तू झोपला होतास.”

तो उठला. चार पावलं लांब जाऊन गिरणीच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे आधी वर आले, मग खाली गेले, आणि खालीच राहिले. तिला वाटलं, आता हा निघून जाईल. जावं त्यानं. सासरच्या माणसांत, मुलांत, पुढच्या बाकावर आता आपल्याला जागा नाही, हे तिला त्या वाळलेल्या अंगणात लख्ख दिसत होतं. टाकीतून काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं मुद्दाम कान देऊन पाहिलं.

तिनं मनगटाची गाठ सोडली. तिथं कातडीवर लाल वळ उठला होता. गुडघ्यावर हात देऊन ती उभी राहिली आणि नेहमी त्याला काम सांगायची त्याच आवाजात म्हणाली,

“इकडं बघ. तुझ्याकडून काही झालेलं नाही. झोपलास, एवढंच, त्या वयात सगळेच झोपतात. रविवारी तू बाकावर बसायचं, पुढच्या. उभी मी राहणार आहे.”