मागे राहिलेला पाट

खाडीच्या वाऱ्याने फुगलेलं दार. वैशालीची नथ. करारावर एकच सही. चिंचेचा कोळ.

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे, सागवानी, पितळी फुल्यांचा. विठ्ठलवाडीच्या सुताराने आम्हा दोन पाटांना एकाच फळीतून कापलं.

नंदा आणि गोपीनाथने आम्हाला कोलशेतच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीसाठी आणलं. दोघं लग्नाशिवाय एकत्र राहत. नंदाचं एक लग्न मोडलं होतं, दुसरं तिला नको होतं. कर्ज गोपीनाथच्या नोकरीवर मिळालं, म्हणून घराच्या करारात त्याचं एकट्याचं नाव. हप्ते मात्र दोघं भरत.

पूजेला गुरुजींना नवरा-बायको हवे होते. नंदानेच गोपीनाथच्या धाकट्या भावाला, राकेशला, फोन केला.

"भाऊजी, तुम्ही दोघं बसा. मला स्वयंपाकाचं बघायचंय."

राकेश माझ्या जोडीदारावर बसला, त्याची बायको वैशाली नथ घालून माझ्यावर. फोटो निघाले.

त्यानंतर माझ्यावर नंदाच बसायची. शेजारच्या पाटावर गोपीनाथ. तो भाजीला नावं ठेवी. ती म्हणे, उद्या तू कर. आणि तो खरंच करी. पाहुणे माझ्या फुल्यांचं कौतुक करत. नंदा त्या चिंचेने घासत असे.

गोपीनाथ अचानक गेला. तेराव्यानंतर राकेश आला. इतकी वर्षं तो तिला वहिनी म्हणायचा.

"नंदाताई, वास्तुशांतीला आम्ही बसलेलो. फोटो आहेत."

"मीच बोलावलेलं तुम्हाला."

"तेच म्हणतोय. घरच्या असता तर तुम्हीच नसता बसलात?"

नंदाने घरी बोलावलेल्या वकीलबाई म्हणाल्या, फोटोने काही ठरत नाही. पण करारात नाव नाही, लग्न नाही, मृत्युपत्र नाही, वारस भाऊच. हप्त्यांसाठी भांडता येईल, वर्षं जातील. मी सगळं पाहिलं होतं, पण लाकडाची साक्ष कोण काढतो?

निघताना तिने आम्हा दोघांना मागितलं. राकेश म्हणाला, एक राहू दे, पूजेला लागेल. तिने गोपीनाथचा पाट उचलला आणि शीळफाट्याच्या भाड्याच्या खोलीत नेला. वैशाली तिला सोडायला जिन्यापर्यंत गेली.

मी इथेच, खाडीच्या वाऱ्याने फुगलेल्या दारामागे उभा आहे. फुल्या काळ्या पडल्या आहेत.

मित्रांनो, मोठे झालात आणि कुणासोबत घर मांडलंत, तर ताटावर बसता तसे कागदावरही शेजारी बसा. वेळेवर बसा. आम्हाला नंतर काही करता येत नाही.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आमचं पॉलिश ओलं होतं, म्हणून या घरात सगळ्यांत आधी नंदा आणि गोपीनाथच नुसत्या फरशीवर जेवायला बसले होते.